रोजा नव्हता, पाणीही नव्हतं

माझ्या पोटावर उजव्या बाजूला, बेंबीच्या थोडं खाली, साडेआठ महिने एक पिशवी होती. ३ जानेवारी २०२४ ला ती लागली आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघाली. आता तिथे दोन बोटं रुंदीचा एक आडवा व्रण आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण अजूनही पिशवीबद्दलच विचारतो. वास यायचा का, झोपताना काय करायचात, नमाज कशी पढायचात? मी सांगतो. पण जे खरं सांगायला हवं ते कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहितो. कॅन्सर सध्या तरी गेला आहे. पिशवीही गेली. राहिलं आहे ते किडनीचं दुखणं, आणि ते दुखणं मी स्वतःच्या हाताने, चार लोकांत मान राखावा म्हणून ओढवून घेतलं.

आजाराची सुरुवात थोडक्यात सांगतो. शौचावाटे रक्त जात होतं. आपल्याकडे रक्त म्हणजे मूळव्याध हे ठरलेलं असतं. मास्तराची जात, खडूची धूळ आणि अवेळी जेवण, त्यामुळे सगळ्यांनाच ते पटलं. पाच महिने मी मलमं आणि इसबगोलवर काढले. शेवटी दुर्बिणीची तपासणी झाली आणि गुदाशयात गाठ निघाली. पाच आठवडे रेडिएशन झालं, मग थोडा काळ थांबून ऑपरेशन. गाठ काढून आतड्याची दोन टोकं जोडली. ही जोडणी गुदद्वाराच्या जवळ असली की ती भरून यायला वेळ लागतो आणि त्यावरून मळ गेला तर ती उसवण्याची भीती असते. म्हणून वरचं लहान आतडं पोटाच्या कातडीतून बाहेर काढून त्याला तोंड करतात, म्हणजे खालची वाट काही महिने कोरडी राहते. सर्जननी हे सगळं केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनने काढून दाखवलं आणि चित्राखाली एक शब्द लिहिला: टेंपररी.

त्या शब्दाने आम्हाला फार धीर दिला. मी वर्गात मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो, घरात दखनी बोलतो. त्या आठवड्यात हा एक शब्द तिन्ही बोलींत फिरला. मी शाळेत फोनवर ‘तात्पुरती’ म्हणायचो. बायको अम्मीला समजवायची, "रोव नक्को अम्मी, आरजी है. निकल जाती." आणि अम्मी शेजारणींना सांगायची, "दो-तीन महिने का काम है." आज वाटतं, या धीरातच घोळ झाला. पिशवी आरजी आहे म्हटल्यावर तिच्यामुळे होणारं सगळंच आरजी असणार, असं आम्ही धरून चाललो. एखाद्या पाहुण्याचे लाड करावेत तशी तिची काळजी घेतली: प्लेट कशी कापायची, कातडी कशी पुसायची, गळती झाली तर काय. सुट्टी देताना सिस्टरने दोन दिवस हेच शिकवलं, आणि छान शिकवलं. पाण्याबद्दल सुट्टीच्या कागदावर एकच ओळ होती: भरपूर पाणी प्यावे.

ही ओळ माझ्यासारख्यासाठी किती अपुरी होती ते पुढे कळलं.

आधी पाकीचा प्रश्न, कारण मला स्वतःला सगळ्यात आधी तोच पडला होता. या आतड्याच्या तोंडाला झडप नसते. आपल्याला रोखता येत नाही. पिशवीत केव्हाही, सजद्यातही, काहीतरी येत राहतं. मग वुजू कसा टिकायचा? मी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेलो. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. आम्ही हनफी. त्यांनी सांगितलं की अशा माणसाला माजूर म्हणतात. प्रत्येक नमाजेच्या वक्ताला ताजा वुजू करायचा, मग तो वक्त संपेपर्यंत पिशवीत काहीही आलं तरी त्याने वुजू तुटत नाही. शाफई लोकांत तपशील थोडा वेगळा आहे, कोकणातल्या वाचकांनी आपल्या आलिमांना विचारावं. रोज्याचंही त्यांनी त्याच बैठकीत सांगून टाकलं. बकरा सूरेत आजाऱ्याला सवलत स्पष्ट दिली आहे, राहिलेले दिवस नंतर भरायचे. डॉक्टर नको म्हणत असतील तर नको. मी घरी आलो तो हलका होऊन. दीन आणि डॉक्टर दोघांचं एकमत, आता अडचण कुठली?

अडचण अशी झाली. फेब्रुवारी सुरू झाला तसा पिशवीत येणारा ऐवज पातळ होत गेला. दिवसातून आठ-आठ वेळा रिकामी करावी लागायची. तो कागद घरात सगळ्यांनी वाचलेला, त्यामुळे जो तो पाणी पाजायला बसलेला. बायको दर तासाला तांब्या घेऊन उभी. आपा विजापूर रोडवरून शहाळी पाठवायची. अम्मी गुलाबाचं लाल सरबत करायची, त्यात सब्जा, कारण ‘पोटाला थंड’. मी पीत होतो आणि जेवढं पीत होतो त्याहून जास्त पिशवीत येत होतं. रात्री दोनदा उठून रिकामी केली नाही तर प्लेट सुटायची आणि गादी, चादर, कपडे, सगळं धुवायला जायचं. ते धुणं बायको एक शब्द न बोलता करायची. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग मी माझ्या अकलेने उपाय काढला. पाणी प्यायलं की पिशवी भरते, तर पाणी कमी प्यायचं. खाणंही कमी. सकाळी शाळेला जाण्याआधी चहासुद्धा नाही. आणि खरोखर पिशवी हलकी राहू लागली! मला वाटलं, जमलं. हाच उपाय पिशवीवाल्या आणखी कितीतरी लोकांनी काढलेला असतो, हे मला नंतर वॉर्डात कळलं. शेजारच्या खाटेवरचे एक वयस्कर गृहस्थ लग्नाला जायच्या आदल्या दिवसापासून पाणी बंद करायचे. एक बाई एसटीने माहेरी जाताना. कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, लाज सगळ्यांना तेच शिकवते.

१२ मार्चला पहिला रोजा होता. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षा चालू होत्या, माझी वैद्यकीय रजा संपत आली होती आणि केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत मी पर्यवेक्षणाला जात होतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची. रमजानात सगळा स्टाफ रोज्याने, मुलं रोज्याने, अगदी पाचवी-सहावीची पोरंसुद्धा ‘सर, मेरा आज तीसरा है’ म्हणून सांगायला येतात. सोलापूरचा मार्च म्हणजे पारा चाळिशीकडे निघालेला. अशा वर्गात मास्तराने बाटली काढून घोट घ्यायचा? मला सवलत होती, मौलानांची आणि अल्लाहची सुद्धा. पण मुलांसमोर पाणी प्यायची हिंमत मला झाली नाही. त्यात तीन तासांच्या पर्यवेक्षणात वर्ग सोडून पिशवी रिकामी करायला जाता येत नाही. म्हणून सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत मी काही प्यायचो नाही. घरी आलो तरी बायको-मुलं रोज्याने, त्यांच्यासमोर खाणं-पिणं जिवावर यायचं. मग इफ्तारला सगळ्यांबरोबर बसून तेच लाल सरबत दोन ग्लास. तरावीहला जायचं म्हणून पुन्हा पाणी बंद.

नियत केली नव्हती, सहरी केली नव्हती, म्हणजे तो रोजा नव्हताच. आणि पाणीही नव्हतं.

चौथ्या दिवशी तरावीहमध्ये सजद्यातून उठताना डोळ्यांसमोर अंधारी आली. मी पुढच्या रकाती बसून पढल्या. पायात रात्री गोळे यायचे, असे की बायको पोटरी दाबत बसायची. लघवी दिवसातून दोनदा, ती ताडीसारखी गढूळ नाही पण गर्द, काळ्या चहासारखी. मी त्याचा संबंध केमोशी जोडला. कंबर दुखत होती म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घेतली, डायक्लोफेनॅक, जी आपण सगळेच शेंगदाण्यासारखी खातो. आणि बीपीची टेलमिसार्टन तर तीन वर्षांपासून चालूच होती. बीपी आता किती आहे हे कुणी मोजलं नव्हतं, मीही नाही.

१८ मार्चला केमोच्या आधीचं नेहमीचं रक्त तपासायला दिलं. संध्याकाळी इफ्तारला दहा मिनिटं असताना लॅबमधून फोन आला की रिपोर्ट घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. क्रिएटिनिन ३.८. ऑपरेशनच्या आधी ते ०.९ होतं.

त्या रात्री मी भरती झालो. हाताला सलाईन, लघवीला नळी, आणि खाटेच्या कडेला एक मापाचं भांडं. बीपी ८४ वर होतं. टेलमिसार्टन बंद, दुखण्याची गोळी बंद, केमो बंद. इमर्जन्सीतला तरुण डॉक्टर डायलिसिसचं बोलला तेव्हा बायको व्हरांड्यात गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि हातात वही होती. तेव्हापासून आमच्या घरात सगळं वहीत उतरवलं जातं.

उर्दूत एक बोलणं आहे, ‘बडे दिल-गुर्दे का काम’. धाडसाच्या कामाला काळीज लागतं तसा गुर्दाही लागतो. मी हा वाक्प्रचार वर्गात कितीदा समजावून सांगितला असेल. खाटेवर पडल्या पडल्या हसू आलं. माझं धाडस वर्गात एक घोट पाणी प्यायलाही पुरलं नव्हतं. आणखी एक आठवलं. हमीद दलवाई मूत्रपिंडाच्या आजाराने गेले ते ३ मे १९७७ ला, वयाच्या ४४ व्या वर्षी. त्यांच्या मतांवरून आमच्या घरात दोन पिढ्या वाद झाले आहेत आणि पुढेही होतील. पण त्या रात्री मतं आठवली नाहीत, वय आठवलं. मीही ४४ चा होतो.

तिसऱ्या दिवशी मौलाना भेटायला आले. पथ्यासारखं थोडं थोडं बोलले, मग विचारलं, असं झालं कसं? मी सगळं सांगितलं, वर्गातलं आणि तरावीहचं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रोजा छोडने कू बोल्या था सर. पानी छोडने कू कौन बोल्या?"

आणि मग त्यांनी अबू दाऊदच्या संग्रहातली ती घटना सांगितली जी मी पूर्वी ऐकली होती, पण माझ्याशी तिचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. सफरात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्याला गुसल फर्ज झालं. त्याने सोबत्यांना विचारलं, मला तयम्मुमची सवलत आहे का? ते म्हणाले, पाणी उपलब्ध आहे, तुला सवलत नाही. त्याने जखमेसकट आंघोळ केली आणि तो दगावला. ही हकिगत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानावर गेली तेव्हा ते सोबत्यांवर कडक शब्दांत रागावले, माहीत नव्हतं तर आधी विचारायचं होतं. मौलाना म्हणाले, "उनकू तो किसी ने गलत बताया. आप कू तो सही बताया था." यावर मी काय बोलणार!

पाचव्या दिवशी किडनीच्या डॉक्टर आल्या. मध्यमवयीन बाई, घाईत नव्हत्या. त्यांनी मला शिक्षक म्हणून ओळखलं आणि विद्यार्थ्यासारखं शिकवलं. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं.

लहान आतडं रोज एक-दीड लिटर पातळ द्रव मोठ्या आतड्याकडे सोडतं. मोठ्या आतड्याचं मुख्य काम त्यातलं पाणी आणि मीठ परत शरीरात ओढून घेणं. बाहेर पडतं तेव्हा त्यात जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी उरतं. माझ्या पिशवीने मोठं आतडंच वाटेतून काढून टाकलं होतं. म्हणजे रोज ते सगळं पाणी जात होतं, आणि पाण्याहून महत्त्वाचं, मीठ जात होतं. या द्रवाच्या एका लिटरमागे सहा-सात ग्रॅम मीठ जातं, चहाच्या चमच्याने चमचाभर किंवा थोडं जास्तच. मी बीपीचा म्हणून जेवणात मीठ कमी. मीठ नसलं की प्यायलेलं पाणी शरीरात टिकत नाही. उलट नुसतं पाणी भरपूर प्यायलं तर लहान आतड्याच्या वरच्या भागात ते शरीरातलंच मीठ आपल्याकडे ओढतं आणि त्याला घेऊन पिशवीत जातं. गोड सरबताचंही तसंच, साखर दाट असली की ती आतड्यात पाणी खेचते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. मला हवं होतं त्याच्या बरोबर उलट, आणि किडनी बसलेली असताना जास्तीचं पोटॅशियम हृदयाला धोक्याचं.

म्हणजे फेब्रुवारीत प्रेमाने जे पाजलं ते चुकीचं होतं, आणि मार्चमध्ये लाजेने जे सोडलं तेही चुकीचं होतं. तहान दोन्ही वेळा लागत होती, म्हणून दोन्ही वेळा आपण बरोबर आहोत असं वाटत होतं.

किडनीने बिचारीने आपल्या परीने सांभाळलं. लघवीतलं सोडियम तपासलं तर जवळजवळ नव्हतंच. कणकण मीठ ती परत घेत होती. पण रक्तच कमी पोचत असेल तर ती काय गाळणार? त्यात माझ्या दोन गोळ्या. डायक्लोफेनॅक किडनीत रक्त येण्याची वाट आखडते, टेलमिसार्टन आतला दाब सैल करते. एरवी टेलमिसार्टन किडनीची दुश्मन नाही, उलट पुष्कळांना फायद्याची आहे. पण शरीर कोरडं पडलेलं असताना ती काही दिवस थांबवावी लागते, आणि कधी थांबवायची हे डॉक्टरांना विचारूनच. माझ्या फाइलमध्ये सर्जनचा कागद, केमोचा कागद आणि बीपीचा कागद वेगवेगळ्या कप्प्यांत होते. ते तिन्ही एकत्र ठेवून वाचायचं काम कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं. मी कुणावर दोष ठेवत नाही. पण आता कुठेही गेलो तरी चालू गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून आधी तोच पुढे करतो.

डॉक्टरबाईंनी फाइल चाळताना एका जागी बोट ठेवलं. १५ फेब्रुवारीचं क्रिएटिनिन, १.३. लॅबच्या छापील मर्यादेत ते अगदी काठावर बसत होतं, म्हणून त्यावर लाल खूण नव्हती आणि कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यांनी कागदावर हिशोब करून दाखवला. माझ्या वयाच्या पुरुषाचं ०.९ म्हणजे गाळण्याची क्षमता साधारण १०८. १.३ म्हणजे ७० च्या आसपास. आकडा चार दशांशाने वाढला आणि क्षमतेचा तिसरा हिस्सा गेला होता. "तुमचा आकडा नॉर्मल आहे का हे बघू नका, तुमच्या जुन्या आकड्याशी ताडून बघा," त्या म्हणाल्या. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा, आणि ते माझं नाही.

मग मिठाच्या पाण्याची गोष्ट. मला वाटत होतं की काही महागडं औषध लिहून देतील. त्यांनी सांगितलं: एक लिटर पाणी, ग्लुकोज पावडर सहा सपाट चमचे, मीठ एक सपाट चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चमचा. दिवसभर घोट घोट. नुसतं पाणी आणि चहा मिळून एक लिटरच्या आत. जेवणाआधी अर्धा तास लोपेरामाइड, आतड्याची चाल मंद करायला. आतड्यात साखर आणि मीठ एकाच दारातून जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं, म्हणून ग्लुकोज. एकट्या मिठाने किंवा एकट्या साखरेने ते होत नाही.

हे घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की या पाण्याला मोठा इतिहास आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगावला, कॉलऱ्याने माणसं मरत होती आणि सलाईन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात कालवून ते पिंपांतून लोकांना प्यायला दिलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण कितीतरी पटींनी खाली आलं. त्यांचं प्रमाण आणि माझ्या वहीतलं प्रमाण जवळजवळ तेच आहे. २०२२ मध्ये ते गेले आणि त्यानंतरच्या जानेवारीत त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं. त्या छावण्यांत आपली कलमा पढणारी माणसंही होती आणि हिंदूही, आणि पिंप एकच होतं.

बाजारातल्या खोक्यांबद्दल एक सांगून टाकतो. आपाने मला ‘ओआरएस’ लिहिलेली संत्र्याच्या चवीची खोकी आणून दिली होती. ती सरबतं होती, साखर भरपूर आणि मीठ नावाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे अक्षर छापायला मनाई केली, पण दुकानात जुनं काय उरलंय कुणास ठाऊक. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघून घ्या.

नऊ दिवसांनी १.९ वर घरी आलो. पुढची केमो तीन आठवडे लांबली आणि गोळ्यांचा डोस कमी करावा लागला, कारण तो किडनीच्या आकड्यावर ठरतो. कॅन्सरचं औषध किडनीमुळे कमी घ्यावं लागणं, ही त्या सगळ्या दिवसांतली मला सर्वांत भीतीची गोष्ट होती. पिशवी लवकर काढता येईल का, असं मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, जोडणी भरली आहे, पण केमोच्या मध्ये ऑपरेशन नको. म्हणजे दोन-तीन महिन्यांची आरजी पिशवी सप्टेंबरवर गेली, अख्खा उन्हाळा धरून.

तो उन्हाळा आम्ही वहीवर काढला. सकाळी वजन. पिशवीतलं मोजायला प्लास्टिकचा एक लिटरचा जग, त्यावर बायकोने नेलपॉलिशने दीड लिटरसाठी ‘दुसऱ्यांदा इथपर्यंत’ अशी खूण केली होती. चोवीस तासांत दीडच्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन. लघवी निदान एक लिटर. खाण्यात मऊ भात, मिठाची पेज, केळं, साबुदाणा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद, दाणा अडकला तर तोंड बंद होतं म्हणून. सोलापूरकराला ही सजा केमोहून कठीण आहे, हे ज्याने ती चटणी खाल्ली त्यालाच कळेल.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी टेबलावर लिटरची बाटली ठेवली आणि मुलांना सांगितलं की मला हे औषध दर थोड्या वेळाने प्यावं लागतं. आठवीच्या एका मुलाने विचारलं, "सर, रमजान में भी पीते?" मी म्हणालो, "हौ. रमजान में भी." वर्ग एक क्षण गप्प झाला आणि मग कुणीतरी पेन पाडलं, नेहमीसारखं. एवढंच होतं ते. मार्चमध्ये ज्याची मला भीती वाटली होती ते एवढंच होतं.

सप्टेंबरात पिशवी काढली. आतड्याच्या सवयी बदलल्या त्याला वर्ष लागलं, तो वेगळा विषय. क्रिएटिनिन १.७ वरून १.५ वर आलं आणि तिथेच थांबलं. गेल्या सव्वा वर्षात दर तीन महिन्यांनी तपासतो, १.५. क्षमता ५८. डॉक्टरबाई म्हणतात, जे गेलं ते बहुतेक परत येणार नाही, जे आहे ते सांभाळायचं. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या जन्मभर बंद. स्कॅनसाठी शिरेतून रंग द्यायचा असेल तर आधी हा आकडा दाखवायचा. बीपीची गोळी परत चालू आहे, आता मोजून.

२०२४ चे तीस आणि २०२५ चे एकोणतीस, असे माझ्यावर एकोणसाठ रोजे आहेत. मौलानांना विचारलं, फिदया देऊन मोकळा होऊ का? ते म्हणाले, बरं होण्याची उमेद आहे तोवर फिदया नाही, कजा आहे. मग डॉक्टरबाईंना विचारलं. या वेळी दोघांनाही विचारलं आणि दोघांनाही सगळं खरं सांगितलं. त्यांनी डिसेंबरच्या थंडीत आठवड्याला एक, असे चार करून बघायला सांगितले. सहरी आणि इफ्तारला मिठाचं पाणी, चक्कर आली तर लगेच सोडायचा, आणि चौथ्यानंतर रक्त. हे माझ्यापुरतं आहे, कुणी माझं बघून करू नये.

चार झाले. काल मुलगी लॅबमधून रिपोर्ट घेऊन आली. तिच्या अम्मीच्या वहीत आता तिचं अक्षर असतं. एका रकान्यात ५९ लिहून खोडलं आणि ५५ केलं. शेजारच्या रकान्यात तारीख टाकली, आकडा लिहिला, १.५, आणि जग धुवून जागेवर ठेवला. तो आता पिशवीसाठी लागत नाही, पाणी कालवायला लागतो म्हणाली तेव्हा बायकोने तो तिच्या हातातून घेतला आणि भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला. उद्या नवा आणणार आहे.